सुहास पळशीकर : मतदाराला विचारून लोकशाही समजून घेणारे राज्यशास्त्रज्ञ

२०२४ च्या लोकसभा निकालानंतर आमच्या मालेगावची चर्चा देशभर झाली. धुळे मतदारसंघातल्या सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपचा उमेदवार पुढे होता. एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसला एवढी आघाडी दिली की डॉ. शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. मग टीव्हीवर आणि सभांमधून मालेगावची मते ‘एकगठ्ठा’ ठरवली गेली. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, विधानसभेला, याच मालेगाव मध्यचा निकाल अवघ्या १६२ मतांनी लागला. गठ्ठा कुठे गेला? आकडे पाहून लोकांच्या मनाबद्दल बोलणे किती धोक्याचे असते, हे आम्हाला तेव्हा कळले. आंबेडकरी समाजाच्या मतांबद्दलही दर निवडणुकीत असेच अंदाज ठोकले जातात.

अंदाज ठोकण्याऐवजी मतदारालाच पद्धतशीर विचारायचे, हे काम महाराष्ट्रात ज्यांनी रुजवले त्यांत प्रा. सुहास पळशीकर यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात त्यांनी अनेक वर्षे शिकवले. सहकारी प्रा. राजेंद्र व्होरा यांच्यासोबत त्यांनी मराठीत ‘राज्यशास्त्र कोश’ तयार केला. १९९५ साली राज्यात पहिल्यांदा युतीचे सरकार आले, त्यावर दोघांनी मिळून ‘महाराष्ट्रातील सत्तांतर’ हे पुस्तक लिहिले. जात आणि सत्ता यांचे नाते हा त्यांच्या मराठी लेखनाचा कायमचा विषय राहिला. गांधी आणि आंबेडकर यांच्यात संवाद शक्य आहे का, या प्रश्नावर त्यांनी १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लिहिले. त्यांचे उत्तर आमच्या अनेक मित्रांना पटत नाही, पण टाळून पुढेही जाता येत नाही.

दिल्लीच्या ‘सीएसडीएस’ या संस्थेचा ‘लोकनीती’ हा कार्यक्रम १९९७ मध्ये सुरू झाला. पळशीकर त्याचे सहसंचालक होते. त्याचे काम कसे चालते हे तरुणांनी नीट समजून घ्यावे. आधी मतदारसंघ निवडतात, मग त्यातली काही मतदान केंद्रे, मग त्या केंद्राच्या मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावे. ज्याचे नाव निघाले त्याच्याच घरी जायचे. चौकातल्या पुढाऱ्याला किंवा चहाच्या टपरीवर भेटेल त्याला विचारून चालत नाही. मुलाखत त्याच्या भाषेत होते आणि मत कोणाला दिले हा प्रश्न आला की चिन्हे असलेली चिठ्ठी हातात देऊन ती बंद पेटीत टाकायला सांगतात. त्यामुळे वस्तीतली म्हातारी बाई आणि बंगल्यातला डॉक्टर यांच्या उत्तरांचे वजन सारखे राहते. एक व्यक्ती, एक मत हे तत्त्व इथे संशोधनाच्या पद्धतीतच उतरलेले दिसते.

‘लोकनीती’ने भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळ या पाच देशांत लोकशाहीबद्दल पाहणी केली. तिचा अहवाल २००८ मध्ये आला. त्यात पळशीकरांचा मोठा वाटा होता. लोकशाहीला पाठिंबा देणारे कितीतरी लोक त्याच वेळी निवडणुकीची पर्वा न करणारा खंबीर नेताही चालेल असे म्हणतात, हे त्यातून समोर आले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल दिलेला इशारा ज्यांनी वाचला आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

आता आपल्या अडचणीची गोष्ट. २००६ मध्ये एनसीईआरटीची राज्यशास्त्राची नवी पुस्तके आली. पळशीकर आणि योगेंद्र यादव त्यांचे मुख्य सल्लागार होते. अकरावीच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे एक व्यंगचित्र होते : संविधानाची गोगलगाय, तिच्यावर बसलेले बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. २०१२ च्या मे महिन्यात त्यावरून संसदेत गदारोळ झाला. दोघांनीही सल्लागारपद सोडले, आणि लगेच पळशीकरांच्या विद्यापीठातल्या कार्यालयाची तोडफोड झाली. तोडणारे आपल्याच चळवळीचे नाव सांगणारे होते.

आमच्यातले बरेचजण तेव्हा कॉलेजात होते. आम्ही चित्र पाहिले, धडा वाचला नाही. संविधान बनायला जवळपास तीन वर्षे का लागली, असा प्रश्न धडा विद्यार्थ्यांना विचारत होता आणि प्रत्येक मुद्द्यावर सभेत झालेल्या चर्चेकडे नेत होता. वर्गात एकट्या पडलेल्या आपल्या मुलाला त्या चित्रावरून कोणी चिडवले तर काय, हा रागामागचा प्रश्न आम्हाला आजही खरा वाटतो. सुखदेव थोरात समितीने हे चित्र काढण्याची शिफारस केली. समितीतले जातिव्यवस्थेचे अभ्यासक एम. एस. एस. पांडियन यांनी वेगळे मत नोंदवले. दोघेही आपलेच. हा वाद कागदावर होऊ शकत होता. खुर्च्या मोडून त्यात काही भर पडली नाही.

याच पुस्तकांच्या संचात, बारावीच्या पुस्तकात, लोकचळवळींवर एक स्वतंत्र प्रकरण होते. त्यात दलित पँथर होती. देशभरातली मुले १९७२ च्या मुंबईतल्या त्या तरुणांबद्दल वाचत होती. २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचा भार कमी करण्याच्या नावाखाली ते प्रकरण वगळले गेले. अशी कापाकापी झाल्यावर, जून २०२३ मध्ये, पळशीकर आणि यादव यांनी पुस्तकांवरून आमची नावे काढा असे एनसीईआरटीला कळवले. पँथरचे पान गेले तेव्हा आमच्या भागात एकही निवेदन गेल्याचे आम्हाला आठवत नाही. आम्हीही दिले नाही.

२०१३ पासून ‘स्टडीज इन इंडियन पॉलिटिक्स’ या नियतकालिकाचे मुख्य संपादकपद पळशीकरांनी सांभाळले. ‘साधना’ आणि ‘लोकसत्ता’तून ते मराठीतही लिहीत आले आहेत. इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. व्होरा आणि त्यांनी संपादित केलेले ‘भारतीय लोकशाही : अर्थ आणि व्यवहार’ मराठीत उपलब्ध आहे. आणखी एक, विशेषतः बी.ए., एम.ए. करणाऱ्यांसाठी : अशा पाहण्यांत घरोघर जाणारे बहुतेक जण महाविद्यालयीन विद्यार्थीच असतात. कार्यशाळेत त्यांना शिकवतात, प्रश्नावली हातात देतात आणि गावोगाव पाठवतात. आपल्या कॉलेजच्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना याबद्दल विचारून ठेवा.