तुरुंगांतील धर्म कोणाचा?

तुरुंगांत शिरतांना माणूस आपलें स्वातंत्र्य दाराबाहेर ठेवतो. पण आपला धर्मही त्यानें तेथेंच ठेवावा काय? आमच्या इतिहासांतील दोन प्रसंग या प्रश्नाच्या दोन बाजू दाखवितात.

पहिला १८५५ सालचा. बिहारांतील आरा व मुझफ्फरपूर येथील कैद्यांचे पितळी लोटे काढून घेऊन त्यांस मातीचीं भांडीं देण्याचा हुकूम सुटला. लोट्याचें हत्यार होऊं शकतें, ही अधिकाऱ्यांची भीति अगदींच निराधार नव्हती. परंतु पितळ घासून शुद्ध करतां येतें, विटाळलेलें मातीचें भांडें मात्र टाकूनच द्यावें लागतें, हें आमच्या घरांतील कोणत्याही आजीबाईस ठाऊक असलेलें ज्ञान साहेबांपाशीं नव्हतें. कैदी खवळले, मुझफ्फरपुरास गांवकरीही त्यांच्या बाजूनें उठले, अखेर लोटे परत करावे लागले.

कैद्याच्या भावनेपुढें सरकार नमलें, हें योग्यच झालें. परंतु पुढील काळांतील तुरुंग-नियमावल्यांनीं कैद्याचा धर्म जपणें म्हणजे त्याची जात जपणें, असा सोपा अर्थ केला. स्वयंपाक वरच्या जातीच्या कैद्यानें करावा, मैला खालच्या जातीच्या कैद्यानें उचलावा!

दुसरा प्रसंग १९३२ सालचा, रत्नागिरीच्या तुरुंगांतील. जन्मानें ब्राह्मण असलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांनीं तेथें भंगीकाम मागितलें. नियमांत बसत नाहीं, म्हणून तें नाकारण्यांत आलें. अप्पासाहेबांनीं आहार कमी करण्यास आरंभ केला. येरवड्याच्या तुरुंगांत असलेल्या गांधीजींनीं त्यांच्यासाठीं ३ डिसेंबर रोजीं उपोषण आरंभिलें व सरकारचें आश्वासन मिळतांच दुसऱ्या दिवशीं तें सोडलें. पुढें, स्वेच्छेनें मागणाऱ्या सवर्ण कैद्यास हें काम करण्याची मुभा मिळाली.

येथें गंमत अशी कीं, ज्या धर्माच्या रक्षणार्थ नियम केला, तोच धर्म पाळूं इच्छिणाऱ्याच्या आड तो नियम आला. पण याहून मोठा अन्याय निराळाच होता. अप्पासाहेबांस झाडू मागण्याची मुभा मिळाली. जन्मावरून ज्याच्या हातीं तो दिला होता, त्यास तो खालीं ठेवण्याची मुभा कोणी दिली? ‘तुझा धर्म काय सांगतो?’ असें त्यास कोणीं विचारलेंच नाहीं. जातीवरून काम वांटणारे नियम सर्वोच्च न्यायालयानें घटनाबाह्य ठरविले, ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं. मध्यें सुमारें ९२ वर्षें गेलीं!

धर्मस्वातंत्र्य हें जातीचें नव्हे, माणसाचें असतें. कैद्यास त्याचा धर्म जन्मनोंदीवरून सांगूं नये. तो त्यालाच विचारावा, एवढाच या इतिहासाचा धडा आहे.