राबापासून गुळवेलीपर्यंत

ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुक्यांत शेणव्याकडे भाताचें रोप पेरण्यापूर्वीं वाफ्यावर झाडांचा टहाळ, पालापाचोळा व शेण पसरून जाळण्याची जुनी चाल आहे. यासच राब म्हणतात. शहरांतील वाचकांस ही बाब क्षुल्लक वाटेल; परंतु त्या मुलखाच्या दारिद्र्याचा इतिहास येथूनच वाचावा लागतो.

1878 चा जंगल कायदा झाला आणि ज्या रानांतून टहाळ, सरपण व गवत पिढ्यान्‌पिढ्या येत असे, त्याच्या वापरावर सरकारी निर्बंध बसले. रयतेची ओरड इतकी वाढली कीं, 1885 मध्यें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठीं मुंबई सरकारास कमिशन नेमावें लागलें. कायद्याची चौकट मात्र कायम राहिली. पुढें 1939 च्या सिमिंग्टन अहवालांत येथील आदिवासी सावकाराच्या कर्जांत व जमीनदाराच्या वेठींत कसे अडकले होते, त्याचें विदारक चित्र आलें आहे.

निर्बंध नसते तर मुंबईच्या लाकूड-कोळशाच्या मागणीपुढें हें रान टिकलें नसतें, असा आक्षेप येईल. त्यांत तथ्य आहे. परंतु रान राखण्यासाठीं रानकऱ्यास परका करणें अवश्य होतें काय, हाच खरा प्रश्न आहे.

याचें उत्तर द्यावयास कायद्यास शतकाहून अधिक काळ लागला. 1996 च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांत गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेची मानली. 2006 च्या वनहक्क कायद्यानें तो माल गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क दिला. गडचिरोलींतील मेंढा (लेखा) गांवास 2009 मध्यें सुमारें 1,800 हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातीं पडावयास 2011 चा एप्रिल उजाडला. हक्क मिळणें निराळें आणि त्या हक्कानें माल बाजारांत नेतां येणें निराळें!

शहापुरांतील कातकरी तरुणांनीं 2018 नंतर सरकारच्या वनधन योजनेच्या आधारें गुळवेल वाळवून व तिची भुकटी करून औषधी कंपन्यांस विकली, ती ह्याच दिशेनें. माल तोच, रान तेंच. मात्र तो वाळवून, दळून व भाव ठरवून विकणारा रानांतलाच माणूस झाला.

तथापि एका वेलीवर तालुका पोसत नाहीं. दिवाळीनंतर येथील कित्येक कातकरी कुटुंबें अद्यापि वीटभट्ट्यांची वाट धरतात, आणि मुलांची शाळा तेथेंच तुटते. ग्रामसभेस हक्काबरोबर गुदाम, भांडवल व वाहतुकीची मोकळीक मिळाली, तरच त्यांतील कांहीं बिऱ्हाडें गांवांत राहतील. धोरणाचें यश सरकारी अहवालांत न शोधतां त्या बिऱ्हाडांच्या संख्येवरून मोजावें, हें बरें.