मराठी बायबलची भाषांतरे आणि खानदेशातील वाचक : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
एकाच मूळ ग्रंथाची अनेक भाषांतरे उपलब्ध असताना वाचकाने कोणते स्वीकारावे, हा प्रश्न केवळ धार्मिक नाही. तो भाषेच्या व समाजाच्या इतिहासाशीही निगडित आहे. जेथे घरातील बोली आणि छापील भाषा भिन्न असतात, तेथे त्याचे स्वरूप अधिक गुंतागुंतीचे होते. जळगाव व धुळे हे जिल्हे ज्यात मोडतात तो खानदेश असाच प्रदेश होय. प्रस्तुत लेखात मराठी बायबलच्या प्रमुख भाषांतरांचा या दृष्टीने विचार केला आहे.

भाषांतराचे टप्पे :
विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने सिद्ध केलेला मराठी नवा करार १८११ साली बंगालमधील सेरामपूर येथे मोडी लिपीत छापला गेला. पुढे मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने १८२६ साली नवा करार प्रसिद्ध केला, तर १८४७ साली तेथे संपूर्ण बायबल सिद्ध झाले. १८०४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या बायबल सोसायटीचे धोरण टीपा व भाष्य यांविना मूळ संहिता देण्याचे होते. त्यामुळे अर्थबोधाचा सारा भार शब्दनिवडीवर पडला. याउलट १९०९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या स्कोफिल्ड संदर्भ बायबलसारख्या अभ्यास-आवृत्त्यांत संहितेसोबतच भाष्य छापले जाऊ लागले. अशा आवृत्तीत टीपांमुळे आकलन सुलभ होते. मात्र टीपाकाराचे मत हेच संहितेचे मत होय, असा समज होण्याचा धोकाही संभवतो.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांना प्रचलित भाषांतर समाधानकारक वाटले नाही. त्यातील संस्कृतप्रचुर शब्द सामान्य स्त्रियांना दुर्बोध होते. शिवाय काही शब्दांसोबत हिंदू तत्त्वज्ञानातील अर्थच्छटा येत, असा त्यांचा आक्षेप होता. हिब्रू व ग्रीक भाषांचे अध्ययन करून त्यांनी स्वतंत्र भाषांतर केले. केडगाव येथील मुक्ती मिशनमधून ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, पूर्णत्वाने प्रसिद्ध झाले.

खानदेशचे वेगळेपण :
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी पश्चिम खानदेशात, विशेषतः भिल्ल वस्तीच्या भागात, कार्य केले. तेथील अनेक श्रोत्यांना प्रमाण मराठी ही शिकावी लागणारी भाषा होती. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात खानदेशी बोलीचा समावेश भिल्ली भाषांसोबत केला आहे. या सर्वेक्षणात बोलींचे नमुने गोळा करण्यासाठी लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त योजला होता. अशा रीतीने धर्मप्रसाराशी संबंध नसलेल्या सरकारी उपक्रमातून बायबलमधील एक कथा खानदेशी बोलीत नोंदली गेली.

समारोप :
वरील विवेचनावरून भाषांतराच्या निवडीचे तीन निकष स्पष्ट होतात : मूळ भाषांशी निष्ठा, वाचकाच्या भाषेशी जवळीक आणि संहिता व भाष्य यांतील भेदाची जाणीव. एकाच भाषांतरात हे तिन्ही सारख्या प्रमाणात साधणे कठीण असल्याने अभ्यासकाने किमान दोन भाषांतरे ताडून पाहणे हितावह ठरते. खानदेशच्या संदर्भात दुसरा निकष विशेष महत्त्वाचा आहे. कारण जो ग्रंथ घरच्या बोलीत समजावून सांगावा लागतो, त्याचे अखेरचे भाषांतर छापखान्यात होत नाही, तर वाचणाऱ्याच्या मुखातून होते.