गोळीतले गाजर

रोग शरीरात मूळ धरण्यापूर्वीच औषधाने वा अन्नातील द्रव्याने त्याची वाट अडवावी, ही कल्पना जुनीच. परंतु कर्करोगापुरते या विचाराला ‘केमोप्रिव्हेन्शन’ असे नाव मायकेल स्पॉर्न या अमेरिकन संशोधकाने 1976 साली दिले. रिचर्ड पेटो व रिचर्ड डॉल प्रभृतींसह 1981 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात लिहिताना, भाजीपाला भरपूर खाणाऱ्यांत कर्करोग कमी आढळतो त्याचे श्रेय गाजराला रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटीनकडे जाते काय, हा प्रश्न त्यांनीच उपस्थित केला. लेखात सावधगिरीच्या सूचनाही होत्या. पुष्कळांनी त्यातली आशा तेवढी उचलली.

फिनलंडच्या नैर्ऋत्य भागात 1985 पासून त्या आशेची जी रीतसर तपासणी झाली, तिची कैफियत मोठी उद्बोधक आहे. पन्नाशी ओलांडलेले, धूम्रपानाची सवय जडलेले 29,133 पुरुष निवडून कोणाला रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, कोणाला ई जीवनसत्त्व, कोणाला दोन्ही, तर कोणाला नुसतीच निःसत्त्व गोळी मुकर्रर झाली. कोणाच्या वाट्याला काय आले, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही. कॅरोटीनवाल्यांपैकी कित्येकांची कातडी मात्र पिवळट पडू लागली, आणि गुपिताला तेवढी फट राहिली! 1994 साली निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा ज्या गोळीने फुप्फुसाचे रक्षण करावयाचे, ती घेणाऱ्यांतच तो कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक निघाला. अमेरिकेतील अशाच दुसऱ्या प्रयोगात, जिथे कॅरोटीनला अ जीवनसत्त्वाची जोड होती, हे प्रमाण 28 टक्क्यांवर गेले आणि 1996 च्या जानेवारीत त्या गोळ्या मुदतीपूर्वीच बंद कराव्या लागल्या.

विलक्षण गोष्ट अशी की, फिनलंडच्या त्याच दप्तरात, प्रयोगाच्या आरंभी ज्यांच्या आहारात व रक्तात कॅरोटीन अधिक होते त्यांना कर्करोग कमी झाल्याचीही नोंद आहे. म्हणजे मूळ निरीक्षण खोटे नव्हते. ताटातल्या भाजीची सारी पुण्याई तिच्यातल्या एकाच द्रव्याच्या नावे जमा करण्याची घाई तेवढी चुकली, असे मला वाटते.

याउलट टॅमॉक्सिफेन हे औषध, जे मुळात गर्भनिरोधक म्हणून शोधले गेले आणि त्या कामी निरुपयोगी ठरले, त्याने 1998 च्या अमेरिकन चाचणीत अधिक जोखमीच्या स्त्रियांमधील स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले, जरी गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका त्याबरोबर वाढला. ई जीवनसत्त्वाच्या नशिबी मात्र कॅरोटीनचाच मार्ग होता: फिनलंडमध्ये त्याने प्रोस्टेटचा कर्करोग घटल्याचे दिसले, म्हणून अमेरिकेत 35,000 हून अधिक पुरुषांवर त्याची फेरतपासणी झाली, आणि 2011 च्या अहवालात तोच कर्करोग 17 टक्क्यांनी वाढलेला आढळला.