डॉक्टरी अहवालातली एक ओळ

मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजेच वडसा. चौदा ते सोळा वर्षांची एक आदिवासी मजूर मुलगी रात्री पोलीस ठाण्यात आली होती. तिथेच दोन पोलिसांनी आपल्यावर अत्याचार केला, अशी तिची तक्रार. डॉक्टरी तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी. अंगावर जखमा नाहीत आणि शरीरसंबंधांची आधीपासून सवय, असा निष्कर्ष कागदावर उतरला.

खटला याच कागदाभोवती फिरत राहिला. १९७४मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. १९७६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं. धाकापुढे हतबल होणं म्हणजे संमती नव्हे, असं बजावलं. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, असा त्यामागचा तर्क.

सप्टेंबर १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. गरीब, अल्पवयीन मुलीने पोलीस ठाण्यात आरडाओरडा करावा ही अपेक्षा तरी कशी धरली, हा त्यांचा सवाल होता. पत्र हातोहात फिरलं. ८ मार्च १९८०ला अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला.

मंचाचा इरादा खटला पुन्हा उघडण्याचा आणि कायदा बदलण्याचा. पण दारात येऊ लागल्या त्या घरात मार खाणाऱ्या, छळाला कंटाळलेल्या बायकाही. त्यांना घोषणांपेक्षा वकील हवा होता, रात्रीपुरता निवारा हवा होता, सोबत हवी होती. कामाचा पसारा वाढला, तसं मंचाचं नावही बदललं: नारी अत्याचारविरोधी मंच.

खटला पुन्हा उघडला नाही. कायदा मात्र १९८३मध्ये बदलला. कोठडीतल्या बलात्कारासाठी कडक शिक्षा आली. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं ठरलं. पीडितेची ओळख छापणं गुन्हा ठरलं.

दवाखान्याच्या खोलीत मात्र तपासणीची जुनीच पद्धत चालू होती. तिथे बदल उशिरा आला. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. हिंसा सोसलेल्या बाईशी बोलणारं, तिला सल्ला देणारं माणूस सरकारी इस्पितळातच बसू लागलं. सेवाग्रामचे न्यायवैद्यक डॉक्टर इंद्रजित खांडेकर यांनी बलात्कारपीडितांच्या तपासण्यांतल्या त्रुटींवर अहवाल लिहिला, आणि तो प्रश्न नागपूर खंडपीठापर्यंत गेला.

२०१३च्या कायद्याने दोन गोष्टी लिहून ठेवल्या: शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानायची नाही, आणि सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर मोफत उपचार करायचे. पुढच्याच वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी शरीरसंबंधांची ‘सवय’ ठरवणारी ‘दोन बोटांची चाचणी’ बाद केली. तरी ती होतच राहिली. ऑक्टोबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल आणि वैद्यकीय अभ्यासक्रमही त्यासाठी तपासून घ्यावा.