मिडवे, ४ जून १९४२: नागुमोंच्या हातून निसटलेले सहा तास

पहाटे ४.३० – मिडवे बेटाच्या वायव्येला जपानी अॅडमिरल नागुमो यांच्या अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू या विमानवाहू जहाजांवरून १०८ विमानं बेटाकडे झेपावली. पर्ल हार्बरवर गेलेल्या सहा जहाजांपैकी ही चार. जपानचे सांकेतिक संदेश अमेरिकेनं फोडले होते आणि तिची तीन विमानवाहू जहाजं ईशान्येला दबा धरून होती. नागुमोंना याची गंधवार्ता नव्हती. टेहळणीसाठी 'तोने' या क्रूझरवरून निघणारं एक विमान अर्धा तास उशिरा सुटलं.

सकाळी ७.०० – हल्ल्याचे प्रमुख तोमोनागा यांचा संदेश: बेटावर पुन्हा हल्ला करावा लागेल.

७.१५ – राखीव विमानांवरचे टॉर्पेडो उतरवून जमिनीवर टाकायचे बाँब चढवा, असा नागुमोंचा हुकूम सुटला. या हुकमावरून त्यांना आजवर दोष दिला जातो. मला तो अन्याय वाटतो. थोड्याच वेळापूर्वी मिडवेवरून आलेलं एक बाँबफेकी विमान अकागीच्या ब्रिजला जेमतेम चुकवून समुद्रात कोसळलं होतं. बेटावरचा शत्रू डोळ्यांसमोर होता, समुद्रावरचा नव्हता.

७.४० – 'तोने'च्या विमानानं कळवलं: शत्रूची दहा जहाजं. कसली, ते नाही. नागुमोंनी बदल थांबवला. ८.२० ला पुढचा संदेश आला: त्यात एक विमानवाहू असावं. आहे त्या विमानांनिशी ताबडतोब हल्ला करा, असा रिअर अॅडमिरल यामागुचींचा आग्रह होता. पण तोमोनागांची विमानं इंधन संपत आलेल्या स्थितीत डोक्यावर घिरट्या घालत होती. आधी ती उतरवली. पुन्हा टॉर्पेडो चढवताना काढलेले बाँब कोठारात न्यायला सवड नव्हती, ते हँगरमध्येच पडून राहिले.

९.२० – अमेरिकेच्या 'हॉर्नेट'ची १५ टॉर्पेडो विमानं आली. सोबतीला एकही लढाऊ विमान नव्हतं. संथ विमानं, पाण्यालगत सरळ रेषेत उडत राहायचं, समोरून जपानी झीरो लढाऊ विमानं. पंधराच्या पंधरा पडली. तीस जणांपैकी एकटे जॉर्ज गे वाचले, समुद्रात तरंगत. मग 'एंटरप्राइझ'ची १४, त्यांच्या पाठोपाठ 'यॉर्कटाउन'ची १२. एकही टॉर्पेडो लागला नाही. तरी मिडवेचं श्रेय मी आधी या माणसांना देतो. त्यांना चुकवण्यासाठी जपानी जहाजं सारखी वळत राहिली. डेक रक्षक विमानं उतरवण्यात, भरण्यात, पुन्हा उडवण्यात अडकला. हल्ल्याची विमानं वर आणून रांगेत लावायला हवा होता तो मोकळा पाऊण तास नागुमोंना मिळालाच नाही.

९.५५ – अमेरिकी डाइव्ह बाँबर घेऊन शत्रू शोधणाऱ्या मक्लस्कींचं इंधन संपत चाललं होतं. खाली एक जपानी विनाशिका भरधाव जाताना दिसली. अमेरिकी पाणबुडीमुळे मागे पडलेली 'अराशी' आपला ताफा गाठत होती. मक्लस्कींनी तिचाच रोख धरला.

१०.२२ – कागा. पाठोपाठ सोर्यू. अकागीवर नेमका एकच बाँब बसला, पण तो फुटला हँगरमध्ये, इंधन आणि टॉर्पेडो भरलेल्या विमानांच्या दाटीत. १०.४६ ला नागुमोंनी पेटतं जहाज सोडलं. उरलेल्या हिर्यूनं दुपारी दोनदा यॉर्कटाउनवर घाव घातला, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास तीही डाइव्ह बाँबरांच्या तावडीत सापडली.