कालव्याचा प्रदेश, परिषदा आणि संशोधनाचे अर्थसाहाय्य : राहाता परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील राहाता तालुका १९९९ साली निर्माण झाला. कोपरगाव व लगतच्या तालुक्यांतील गावे एकत्र करून तो आकारास आला. प्रशासकीय नकाशावर नवा असलेला हा तालुका प्रादेशिक संशोधनाच्या इतिहासात मात्र नवा नाही. गोदावरीचा उजवा कालवा आणि प्रवरेचे कालवे यांनी भिजणारी ही भूमी विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाली होती. त्या अभ्यासाचा खर्च कोणी सोसला, तो कोणत्या प्रकारच्या पैशातून झाला, आणि आज याच परिसरातील महाविद्यालयीन अध्यापकास आपल्या प्रदेशाचा अभ्यास करावयाचा झाल्यास कोणता आधार मिळतो, हे प्रश्न परस्परांशी निगडित आहेत. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील प्रादेशिक संशोधनाच्या अर्थसाहाय्याचे टप्पे तपासून परिषदा व चर्चासत्रे यांचे त्यातील स्थान निश्चित करण्याचा प्रयत्न केला आहे.

वर्गणी व पायपीट यांचा काळ

महाराष्ट्रात प्रादेशिक इतिहासाच्या संशोधनाचा पाया सरकारी अनुदानावर घातला गेला नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. त्यामागे गावोगावची दप्तरे धुंडाळण्याची पायपीट आणि मित्रमंडळींचे साहाय्य एवढेच भांडवल होते. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. सभासदांची वर्गणी, देणग्या आणि कार्यकर्त्यांचा विनावेतन वेळ यांवर मंडळाचे काम चालले. राजवाडे पुढे मंडळापासून दूर झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. पुण्याबाहेरच्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी संशोधनसंस्था उभी राहू शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

या परंपरेतील एक घटना विशेष लक्षणीय आहे. १९३५ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने पुण्यात आधुनिक भारतीय इतिहास परिषद भरली. तिच्या आयोजनात दत्तो वामन पोतदार यांचा पुढाकार होता आणि अध्यक्षस्थानी सर शफाअत अहमद खान होते. आज 'इंडियन हिस्टरी काँग्रेस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अखिल भारतीय परिषदेचा हा आरंभ होय. एका प्रादेशिक संस्थेच्या अंगणात देशव्यापी परिषद जन्मास आली, याचे कारण तिच्यामागे पंचवीस वर्षांचा कागदपत्रांचा संग्रह आणि प्रकाशनांची शिदोरी होती. आधी काम आणि मग परिषद, असा हा क्रम होता.

ठेवीचा आधार : गोखले संस्था आणि कालव्यांची पाहणी

वर्गणीवर चालणाऱ्या संशोधनास एक मर्यादा होती. कागदपत्रे जमविता येत, परंतु शेकडो कुटुंबांच्या जमाखर्चाची पद्धतशीर पाहणी करण्यास पगारी अन्वेषक आणि दीर्घकाळ पुरणारा निधी लागे. ही उणीव वेगळ्या प्रकारच्या दानाने भरून निघाली. रावबहादुर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजास दिलेल्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे संचालकपद धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे आले आणि १९६६ पर्यंत ते त्यांच्याकडेच राहिले. एका वर्षाच्या कार्यक्रमासाठी दिलेल्या रकमेपेक्षा संस्थेच्या अस्तित्वासाठी दिलेली ठेव संशोधकास काय देते, याचे उत्तर या छत्तीस वर्षांत सापडते. ती त्यास वेळ देते.

याच संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल 'इकॉनॉमिक इफेक्ट्स ऑफ इरिगेशन' या नावाने १९४८ साली प्रसिद्ध झाला. आजच्या राहाता तालुक्याचा मुलूख याच कालव्यांच्या लाभक्षेत्रात येतो. कालव्याचा लाभ सरकारच्या तिजोरीत जमा होणाऱ्या पाणीपट्टीवरून मोजण्याची पद्धत त्यापूर्वी रूढ होती. पाणीपट्टीतून व्याज सुटत नसेल तर कालवा 'तोट्याचा' ठरे. गाडगिळांनी बागायती आणि जिरायती शेतीची तुलना करून पीक, मजुरी, व्यापार व वाहतूक यांवर होणारा परिणाम हिशेबात धरला. पाणी मिळाल्याने शेतकऱ्याच्या घरी, मजुराच्या हाती आणि बाजारपेठेत काय बदलते, हे त्यामुळे अभ्यासाच्या कक्षेत आले. प्रदेशाचा अभ्यास प्रदेशाच्या बाजूने कसा उभा राहतो, याचे हे एक उत्तम उदाहरण मानावे लागेल.

अभ्यासक, बागाइतदार आणि सहकार

कालव्याचे पाणी आले तरी उसाचा भाव खासगी कारखानदारांच्या हाती होता. १९४५ साली बेलापूर रोड (श्रीरामपूर) येथे भरलेल्या बागाइतदारांच्या परिषदेचे अध्यक्षपद गाडगिळांनी भूषविले आणि तेथे सहकारी साखर कारखान्याच्या कल्पनेचा पुरस्कार केला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले. वैकुंठभाई मेहता यांनी मुंबई सरकारातील मंत्री या नात्याने या उपक्रमास पाठबळ दिले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते.

येथे कार्यकारणसंबंध सावधपणे मांडला पाहिजे. बागाइतदारांची परिषद १९४५ ची व अहवाल १९४८ चा, त्यामुळे अहवालामुळे कारखाना उभा राहिला असे म्हणणे कालक्रमास धरून होणार नाही. मात्र ज्या अभ्यासकाने या भूमीचे अर्थकारण आकड्यांत मांडले, त्यालाच तेथील शेतकऱ्यांनी आपल्या संस्थेचे अध्यक्षपद दिले, ही गोष्ट निर्विवाद आहे. ज्यांचा अभ्यास करावयाचा ते शेतकरी आणि अभ्यास करणारा विद्वान एकाच सभागृहात बसले. बेलापूर रोडची ती परिषद कोणत्याही विद्यापीठाने पुरस्कृत केलेली नव्हती. तरीही प्रादेशिक अभ्यासाच्या इतिहासात तिचे स्थान अनेक विद्वत्परिषदांहून मोठे ठरते.

शासकीय परिषदा आणि परदेशी अधिछात्रवृत्ती

स्वातंत्र्योत्तर काळात संशोधनास अर्थसाहाय्य देण्याची जबाबदारी क्रमशः शासनाने स्वीकारली. १९६० साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झाले व तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद अस्तित्वात आली. तिचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते. १९७२ साली भारतीय इतिहास संशोधन परिषदेची स्थापना झाली. कालव्यावरच्या गावांचा जमाखर्च तपासणारा अभ्यासक अखेरीस देशभरच्या सामाजिक संशोधनाला निधी वाटणाऱ्या परिषदेच्या शीर्षस्थानी बसला, हा या कथेतील सर्वांत आशादायक क्षण होय. १९७१ साली गाडगीळ निधन पावले.

याच सुमारास निधीचा आणखी एक स्रोत खुला झाला होता. १९६१ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था स्थापन झाली आणि पुणे हे तिचे महत्त्वाचे केंद्र झाले. अमेरिकेतून आयात केलेल्या धान्याच्या रुपयांतील मोबदल्यातून, म्हणजेच पी. एल. ४८० च्या निधीतून, १९६२ पासून मराठी पुस्तके अमेरिकेतील विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जाऊ लागली. एलिनॉर झेलियट, अ‍ॅन फेल्डहाउस, गुंथर सोन्थायमर अशा अभ्यासकांनी दीर्घकाळ महाराष्ट्रात राहून, मराठी शिकून संशोधन केले. १९८४ साली टोरांटो येथून महाराष्ट्रविषयक आंतरराष्ट्रीय परिषदांची मालिका सुरू झाली. तिच्यातून धर्म, स्त्रीजीवन, घर, कुटुंब आणि नातेसंबंध या विषयांवरील संपादित ग्रंथ निघाले. या परिषदाही १९३५ च्या परिषदेप्रमाणे आधी झालेल्या कामाच्या आधारावर उभ्या होत्या. प्रत्येक निबंधामागे क्षेत्रकार्याची किंवा दप्तरांतील वाचनाची काही वर्षे होती. मात्र हे ग्रंथ इंग्रजीत, देशी-परदेशी विद्यापीठीय प्रकाशनांतून निघाले. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयापर्यंत ते पोहोचणे सोपे नव्हते.

बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगाव तालुक्यातील सहकारी साखर कारखान्याचा केलेला समाजशास्त्रीय अभ्यास १९८० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. आजच्या राहात्याच्या शेजारच्या या अभ्यासाची सिद्धताही दिल्ली विद्यापीठात झाली. प्रदेश येथला आणि संशोधनाचा आधार दूरचा, हे चित्र पुण्याकडून दिल्लीकडे व दिल्लीकडून परदेशाकडे सरकत गेल्याचे दिसते.

चर्चासत्रांचा काळ

स्थानिक महाविद्यालयांच्या वाट्यास या साऱ्यातून जे आले त्यात विद्यापीठ अनुदान आयोगाचे लघुसंशोधन प्रकल्प आणि एकदोन दिवसांची चर्चासत्रे यांचा प्रामुख्याने समावेश होता. २०१० च्या आयोगाच्या विनियमांनी अध्यापकाच्या शैक्षणिक कामगिरीचे गुणांकन सुरू केले. शोधनिबंधाचे वाचन व प्रकाशन यांना पदोन्नतीच्या दृष्टीने मोल आले. याचे फायदे नाकारता येत नाहीत. ज्या अध्यापकास पूर्वी कोणत्याही व्यासपीठावर बोलण्याची संधी मिळाली नसती, त्याने मराठीतून आपला निबंध मांडला. लहान गावांतील महाविद्यालयांत बाहेरगावचे अभ्यासक आले. विद्यार्थ्यांनी ते ऐकले.

परंतु या व्यवस्थेत मूळ क्रम उलटला. परिषद हे कामाचे फळ न राहता कामाच्या जागी येऊन बसली. चर्चासत्राचा निधी मंडप, भोजन, प्रवासखर्च, स्मरणिका व स्मृतिचिन्हे यांवर खर्च होतो. त्यातून दप्तराची एक गठडीही सुटत नाही. लघुप्रकल्पाची मुदत संपते तोवर अध्यापकास अध्यापन, परीक्षा व प्रशासकीय कामे यांतून सलग वेळ मिळालेला नसतो. गोखले संस्थेने पुणे शहराची पाहणी करून ती प्रसिद्ध केली आणि काही वर्षांनी त्याच शहराची पुनर्पाहणी करून १९५६ साली तिचाही वृत्तान्त छापला. एकाच जागी पुन्हा परतण्याची ही चैन नव्हती. बदल मोजण्याची ती एकमेव रीत आहे. दोन दिवसांच्या निधीवर ही रीत चालविता येत नाही.

समारोप

या आढाव्यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, महाराष्ट्रातील प्रादेशिक अभ्यासाला टिकाऊ रूप आले ते संशोधकाला वेळ देणाऱ्या आधारामुळे. तो आधार राजवाड्यांच्या बाबतीत आत्मत्यागाचा, काळ्यांच्या बाबतीत ठेवीचा, तर परदेशी अभ्यासकांच्या बाबतीत अधिछात्रवृत्तीचा होता. दुसरी, फलदायी परिषदा साठलेल्या कामातून जन्मल्या. तिसरी, अभ्यासक आणि प्रदेशातील लोक यांचा संबंध जेथे जिवंत होता तेथे संशोधनाला समाजात स्थान मिळाले.

राहाता परिसरास या तिन्ही गोष्टी परक्या नाहीत. शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून कारखाना उभा राहिला आणि त्याच सहकारी चळवळीच्या वातावरणात १९६४ साली प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्थाही स्थापन झाली. ज्या परिसराने साखर आणि शिक्षण यांसाठी वर्गणी उभी केली, त्याला स्वतःच्या इतिहासासाठी एक लहानशी कायम ठेव उभी करणे अशक्य नाही. एका चर्चासत्राच्या खर्चाएवढी रक्कम दरवर्षी बाजूस काढली, तरी एका अध्यापकास काही काळ अध्यापनातून मोकळे करून पाणीवाटपाची रजिस्टरे, सहकारी संस्थांची इतिवृत्ते आणि वृद्ध बागाइतदार व ऊसतोड मजूर यांच्या आठवणी नोंदविता येतील. कागद वाळवीच्या स्वाधीन होतो आणि आठवण माणसाबरोबर जाते. या दोहोंना अनुदानाच्या पुढील वर्षाची वाट पाहण्याची सवड नाही. १९४८ च्या अहवालातील आकड्यांशेजारी आजच्या त्याच गावांचे आकडे मांडण्याचे काम येथील महाविद्यालयांतील अध्यापकांनी हाती घेतले, तर त्यानंतर भरणाऱ्या परिषदेत सांगण्यासारखे काही खचितच असेल.